तंबू एक की दोन

३ एप्रिल

वीट आलाय! गाडीने सहा दिवस भटकायचं, संध्याकाळी जिथे पोचू तिथे तंबू ठोकायचा — एवढ्यासाठी आठवडाभर घरात खल चाललाय. तंबूच्या जागा आधी बुक करायच्या की नाही? मी म्हणते करायच्या. आमचे हे म्हणतात, बघू तिथे गेल्यावर. या माणसाने जन्मात केलेलं एकमेव नियोजन म्हणजे 'बघू'. बोहल्यावरही बहुधा बघू म्हणतच चढले असावेत.

५ एप्रिल

त्या जागांची वेबसाइट पाहिली. शिसारी आली. वर 'निसर्गाच्या कुशीत', आणि खाली बारीक अक्षरांत नियम: एका तंबूला चार्जिंगचा एकच पॉइंट, नऊनंतर मोठ्याने हसू नये. फोटोत मात्र चौघं शेकोटीभोवती बत्तीशी काढून बसलेले. नवाच्या आत उरकलं असेल बिचाऱ्यांनी.

६ एप्रिल

धाकट्या जावेचा फोन. मागच्या वर्षी त्यांनी बुकिंग केलं नव्हतं. शेवटी पेट्रोल पंपामागे, ट्रकच्या रांगेत तंबू ठोकला. भाऊजींनी सकाळी ट्रकच्या आरशात बघून दाढी केली. हे ती अभिमानाने सांगत होती! मी फोन ठेवून सगळं यांना ऐकवलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, मजाच की.

८ एप्रिल

शेवटी मीच फॉर्म उघडला. नाव, तारखा, गाडीचा नंबर — भरलं. माणसं किती? दोन. तंबू किती?

तिथे बोट अडलं.

लेक शिकायला बाहेर गेली त्याला दोन वर्षं झाली. ती गेली आणि महिन्याभरात हे तिच्या खोलीत झोपायला लागले. माझ्या घोरण्याचा तुला त्रास होतो, म्हणाले. दोन-चार दिवस बघू. मी बरं म्हटलं. आता तिच्या टेबलावर यांचा चष्मा, यांच्या गोळ्यांची डबी. तिच्या कपाटात यांचे सदरे. यावर आम्ही अवाक्षर बोललेलो नाही. एक तंबू लिहावा तर आगाऊपणा. दोन लिहावेत तर शिक्कामोर्तब!

म्हणजे बुकिंग टाळतंय कोण? मीच की. फॉर्म बंद केला. स्वतःचीच किळस आली.

९ एप्रिल

साप्ताहिकाचा लेख द्यायचा होता. 'आमचे हे आणि तंबू' — एका बैठकीत लिहून पाठवला. यांचं घोरणं ऐकून आजूबाजूचे लोक ढग गडगडले समजून तंबू आवरायला लागतात, वगैरे. झकास उतरलाय. अकरा वर्षं माझं सदर यांच्याच जिवावर चाललंय.

१० एप्रिल

पुन्हा विचारलं. बघू.

११ एप्रिल

तीनच जागा उरल्यात. जेवताना विचारून टाकलं, अहो, तंबू एक की दोन?

घास हातातच राहिला यांचा. मग म्हणाले, दोन कर.

मी हसण्यावारी न्यायला गेले. म्हटलं, इतकंही काही घोरत नाही तुम्ही.

"घोरण्याचं कारण मी तुला दिलं. खरं ते नव्हतं." आवाज अगदी साधा. "पोर गेली तेव्हा अंधारात तुला एक सांगितलं होतं. तिच्या उशीला अजून तिचा वास येतो, धुवायला टाकू नकोस. पुढच्या अंकात छापून आलं. ऑफिसात मला अजून उशी म्हणतात."

आठवलं. फार गाजला होता तो लेख. पत्रांचा ढीग आला होता.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेही छापलं असतंस."

ताट उचलून हे आत गेले. जगाची लक्तरं वेशीवर टांगणारी मी — आणि घरातलीच टांगत होते. शी!

उद्या संपादकांना सांगून लेख मागे घ्यायचा. मग असा लेख पाठवला होता हे यांना सांगायचं, आणि एकदा नीट विचारायचं — एकच घेऊ का?

१२ एप्रिल

संपादकांना फोन केला. म्हटलं, तो लेख काढा.

"आता कसा काढणार, ताई? अंक कालच छापून झाला. गठ्ठे बांधणारेसुद्धा वाचून हसत होते."

उद्या सकाळी दारात पडेल. उचलतात ते हेच.