उणे चाळीस

३ एप्रिल २०१६
काल कड्याजवळच्या या गावात बिऱ्हाड आणलं. दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रात मशीन सांभाळायची नोकरी, वर चेअरमन सुंदररावांनी राहायला घरही दिलं. आणि एवढ्या दुष्काळात इथली लाईट जात नाही! बायको, शिवकन्या, कूलरपुढून हलायला तयार नाही. मी लगेच माझं खेळणं जोडलं: मेनच्या वायरला कॉइल, छोटा बोर्ड, वर स्क्रीन. घराला किती वॅट लागतात ते दिसतं. शिवकन्या म्हणते, सवत परवडली, पण हे सोल्डरिंग नको.

८ एप्रिल
पंख्याला सत्तर लागतात, टीव्हीला पन्नास. सगळं बंद केलं की शून्य यायला हवं; येतं उणे चाळीस. उणे म्हणजे घरातून वीज बाहेर चालली आहे. कॉइल उलटी बसवली असेल म्हणून स्वतःला शिव्या घातल्या, पण ती सरळच आहे. आमच्याकडे ना सोलर, ना जनरेटर.

१२ एप्रिल
शिवकन्या टँकरवर पाण्याला गेली आणि आकडा उणे वीसवर आला. ती घागर घेऊन घरात आली, पुन्हा चाळीस. चार वेळा पाहिलं. मी बाहेर गेलो तेव्हा तिने पाहिलं, तेव्हाही वीस. बेचाळीस डिग्रीत तिचे हात गार पडतात. ती हसण्यावारी नेते. मला भीती वाटते.

१५ एप्रिल
केंद्राचा राखणदार सटवा सहज बोलून गेला: गावचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दिवाळीतच जळाला, नवा आलाच नाही. मग लाईट कुठून येते, विचारलं. म्हणाला, तुमी आलाव न्हाई का. तुमच्या आधी तिघं होते, तवा लई उजेड होता.

१७ एप्रिल
निघालो. शिवकन्याला फाट्यापर्यंतही चालवेना. सुंदररावांनी जीपमधून परत आणून सोडलं, हात जोडले. म्हणाले, पिकं गेली, आता सारं गाव दुधावर जगतंय, टाकी तापली तर समदं संपलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

१९ एप्रिल
उणे नव्वद. तिला उठवत नाही. मेनची वायर कापली — आकडा तसाच. केंद्राची मोटर चालूच —

२० एप्रिल
सकाळी शिवकन्या गेली. माझी शिवकन्या.
आकडा निम्मा व्हायला हवा होता. झाला नाही. म्हणजे मेल्यावरही ती —
सुंदरराव दारातूनच सांगून गेले, दूध गार होईस्तोवर मयत हलवायची न्हाई. मग संध्याकाळचं दूध येईल. मग उद्याचं —
मीच तिला उचलून बाहेर नेतो. दार चार पावलांवर आहे. उठतोय. पाय —