आमच्या कोर्टात हातोडा नसतो

३ फेब्रुवारी, मंगळवार

टॅम्सिन नावाच्या टीव्ही निर्मातीचा फोन. 'काळा झगा' या तिच्या कोर्टाच्या मालिकेला कायदेशीर सल्लागार हवाय. बावीस वर्षं बॅरिस्टरी केलेला, परखड माणूस हवा म्हणाली. आधी चार जणांनी नकार दिल्याचंही ओघात म्हणाली. मी हो म्हटलं. ही घाण कुणीतरी उपसायलाच हवी.

बायकोचं, प्रूचं, मत: तुला पडद्यावर नाव बघायचंय. इतकी वर्षं संसार करून माणूस कळत नाही म्हणजे कमाल आहे.

४ फेब्रुवारी

पहिला भाग बघितला. शी! पंचेचाळीस मिनिटांत बेचाळीस चुका. जज हातोडा आपटतो. इंग्लंडच्या कोर्टात हातोडा नसतो, लिलावात असतो. नायक-वकील कोर्टभर येरझारा घालतो. आम्ही आपल्या बाकापासून वीतभर हलत नाही. आक्षेप घ्यायला तो किंचाळतो. आम्ही नुसते उभे राहतो, जजला कळतं.

शेवट तर ओकारी आणणारा. नायक चष्मा काढतो, थांबतो, ज्युरीकडे बघतो आणि साक्षीदाराला एक शेवटचा प्रश्न विचारतो. साक्षीदार ढसाढसा रडून सगळं कबूल करतो.

दुसरा भागही बघितला. मग तिसरा. अभ्यास म्हणून.

१० फेब्रुवारी

टॅम्सिनला बेचाळीस मुद्द्यांचं पत्र दिलं. एक मुद्दा मान्य: पाण्याच्या भांड्याला झाकण हवं. हातोडा राहणार. काढला तर हा जज आहे हे लोकांना कळणार कसं, म्हणे.

शेवटच्या प्रश्नावरून चांगलंच वाजलं. मी सांगितलं, उलटतपासणीचं पहिलं सूत्र: ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही, तो प्रश्न तोंडातून काढायचा नाही. दुसरं सूत्र: काम झालं की मुकाट खाली बसायचं. ती म्हणाली, अहो, तुम्ही खाली बसलात की माझा प्रेक्षक उठतो, चहा टाकायला.

या बाईला कला म्हणजे काय हे शिकवावं लागेल.

१३ फेब्रुवारी, सायं. ५

चेंबर्समध्ये आम्हाला कामं वाटून देणारा क्लार्क, कॉलिन, आज स्वतः टेबलापाशी आला. फौजदारी केस, ज्युरीसमोर! अकरा महिन्यांनी. बाकीचे सगळे गुंतलेत म्हणाला, पण ते सांगायची त्याची पद्धतच तशी.

केस चोरीची. लीकची. आमच्या भागात कांद्याच्या पातीच्या या थोराड भावाला लोक पोटच्या पोरासारखं वाढवतात आणि सप्टेंबरात प्रदर्शनात मांडतात. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी कुणीतरी ग्रीनहाउसमध्ये शिरून गतविजेत्याचे तिन्ही लीक उपटून नेले. आरोपी हेझल रटर, वय एकसष्ट, दरवर्षी दुसरी येणारी.

१७ फेब्रुवारी

हेझलबाई भेटल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं पोरांना जेवू घालतायत. दोषी ठरल्या तर शाळा त्याच दिवशी काढून टाकणार. मॅजिस्ट्रेटपुढे अर्ध्या तासात उरकलं असतं, पण यांनी ज्युरी मागितली. म्हणाल्या, बाळा, गावातल्या माणसांनीच सांगू दे मी चोर आहे का ते. (इथल्या बायका चोपन्न वर्षांच्या माणसालाही बाळाच म्हणतात. झगा घातलेला असला तरी.) मग हात धरून म्हणाल्या, माझं ते स्वयंपाकघर तेवढं वाचव.

वाचणारच. सगळा पुरावा म्हणजे एक साक्षीदार: ग्रीनहाउससमोर राहणाऱ्या एनिड स्टॉबर्ट. त्यांना संध्याकाळी खिडकीतून ग्रीनहाउसमधून बाहेर पडणारी आकृती दिसली. जबाबात लिहिलंय, 'ती हेझलच होती.' कशावरून, ते लिहिलेलं नाही. पोलिसांनी विचारलंच नाही, गाढवं.

मीही विचारणार नाही. कागदावर लाल शाईनं लिहिलं: कशावरून, हे विचारायचं नाही. दोनदा अधोरेखित.

२२ फेब्रुवारी, रविवार

कल्पना सुचली. टॅम्सिनला आणि तिच्या दोन लेखकांना सुनावणीला बोलवायचं. प्रेक्षकांच्या बाकावर बसून बघा म्हणावं, खरं कोर्ट काय असतं. एकही आवाज न चढवता मी साक्षीदार कसा सोलतो ते बघू देत. ती येते म्हणाली.

१ मार्च

आरशासमोर चष्मा काढून थांबायचा सराव करत होतो. शत्रूची शस्त्रं माहीत असावीत. प्रू दारात उभी. तिनं विचारलं, हे त्या मालिकेतलं ना? मी म्हटलं, हे त्या मालिकेतलं काय वाईट आहे ते तपासणं आहे. ती म्हणाली, मग तेच तेच नऊदा का तपासतोयस?

बोलण्यात अर्थ नाही.

९ मार्च, सकाळी ९.५०

निश्चय: चार प्रश्न आणि खाली. टॅम्सिन आणि मंडळी आलीत. लेखकांनी सँडविच आणलेत. कोर्टात! यांची पोच कळली.

९ मार्च, दुपारी ४.३०

जे घडलं ते क्रमानं लिहितो. चूक कुणाची ते आपोआप दिसेल.

एनिडबाईंची उलटतपासणी. प्रश्न एक: दिवस मावळला होता? हो. दोन: चष्मा कुठे होता? इस्त्रीच्या टेबलावर, दुसऱ्या खोलीत. तीन: त्या व्यक्तीनं जॅकेटची टोपी डोक्यावर ओढली होती? हो. चार: आणि पाठ तुमच्याकडे होती? हो, सबंध वेळ.

झालं. केस संपली. ज्युरीतला एक गृहस्थ चक्क मान हलवत होता. सरकारी वकिलाचा चेहरा पडला. खाली बसायला गुडघे वाकवले, आणि सहज वर बघितलं. एक लेखक झोपला होता. टॅम्सिन जांभई देत होती. तोंडावर हातसुद्धा न ठेवता!

माझे गुडघे सरळ झाले. चष्मा निघाला. मी थांबलो. मग बाकामागून बाहेर येऊन ज्युरीकडे निघालो. जजनं अगदी नम्रपणे विचारलं, आपण कुठे निघालात का? मी परत जागेवर आलो, पण आवाज तोवर वर गेला होता. विचारलं: अंधार, चष्मा नाही, टोपी, पाठ! मग ही बाई हेझल रटर होती, हे तुम्ही कशावरून म्हणता?

एनिडबाई म्हणाल्या, अहो, ती गात होती ना! चॅपलमध्ये भजनं गाणाऱ्या आमच्या कॉयरमध्ये अकरा वर्षं ती माझ्या डाव्या कानाशी उभी राहते. वरचा सूर आला की घसरलीच. असं दुसरं कुणाला गाताच येणार नाही.

ज्युरी हसली. अजूनही सावरलं असतं. पण आरोपीच्या पिंजऱ्यातून हेझलबाई कडाडल्या, खोटारडे! त्या दिवशी तर सूर बरोबर लागला होता!

सगळं कोर्ट गप्प. जजनं पेन खाली ठेवलं. हातोड्याची गरज पडली नाही.

टॅम्सिन टक्क जागी होती.

तात्पर्य: अशील ऐन वेळी तोंड उघडत असेल तर बॅरिस्टर काय करणार?

१० मार्च

बाराच्या बारा जणांनी दोषी ठरवलं. बावीस मिनिटांत. तुरुंग नाही, समाजसेवेचे तास. मी हेझलबाईंना म्हटलं, तुम्ही बोलायला नको होतं. त्यांना राग आला नव्हता, तेच जास्त लागलं. कोटाची बटणं लावत म्हणाल्या, बाळा, तू वेळेवर बसला असतास, तर मीही गप्प बसले असते.

अपिलाचा विचार आहे. कॉलिन म्हणाला, सर, तुम्ही टीव्हीकडेच लक्ष द्या.

१९ मार्च

शाळेनं हेझलबाईंना काढल्याचं कॉलिनकडून कळलं. जेवण गेलं नाही. शाळेची चूक आहे असं दोनदा लिहून खोडलं. त्यांनी हात धरून एकच गोष्ट मागितली होती. ती माझ्या हातात होती, चौथा प्रश्न विचारून झाल्यावर अर्धं मिनिट.

२४ मार्च

टॅम्सिनचं पत्र. त्या दिवशीच्या उलटतपासणीवर त्यांनी अख्खा भाग लिहिला, चित्रीकरणाची तारीखही ठरली होती. पण वाहिनीनं अडवलं. जिंकलेली केस असताना बावीस वर्षांचा अनुभवी वकील असला प्रश्न विचारेल, हे प्रेक्षकांना पटणार नाही म्हणे. वास्तवाला धरून नाही. आता त्यात वकील चार प्रश्न विचारतो, खाली बसतो आणि बाई सुटते.

सोबत सल्लागाराच्या सहीचा छापील फॉर्म. प्रश्न: 'वगळलेला प्रसंग प्रत्यक्ष कोर्टात घडू शकतो का?'

'नाही'वर खूण केली. सही करून पाठवला.