घर काकूच्या नावे

मी, खाली सही करणारा, कवळ्या बनवणारा कारागीर, कागदोपत्री वय एकेचाळीस, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. कोणाच्या दडपणाखाली नाही. मत्सराखाली आहे, पण त्याला कायद्याची हरकत नसावी. पुढच्या आठवड्यात परगावी माझे ‘निधन’ होईल. त्या दिवसापासून हे लागू.

या घराचे आजवरचे तिन्ही मालक मीच. माझ्या चेहऱ्यावर वय चढत नाही. म्हणून केसांना राख लावायची, पाठ वाकवायची, स्वतःच घडवलेली किडक्या दातांची कवळी घालायची. तेही पुरेनासे झाले की लांब जाऊन मरायचे आणि काही वर्षांनी दाढी वाढवून, मृत्युपत्रातला पुतण्या म्हणून हक्काने परत यायचे. मागच्या खेपेला मात्र मागे बायको होती.

एक. घर मी काकूला देतो. काकू म्हणजे तीच, माझी बायको. बारा वर्षे तिने मला पुतण्या म्हणून जेवू घातले आणि वर ऐकवले, “तुझ्या काकांना असला आळस नव्हता हो!” त्या काकांचा मी इतका दुस्वास केला की भिंतीवरचा त्यांचा फोटो पुसायला हात पुढे होईना. फोटो माझाच.

दोन. समोरच्या विधुर सुताराला तिच्याबरोबर या घरात राहण्याचा हक्क आहे. जिना दुरुस्त करायला आला तो टळलाच नाही. दोघांत मिळून एक चष्मा. एकमेकांच्या गुडघेदुखीवर दोघे पोट धरून हसतात. माझे कधी काही दुखतच नाही.

गेल्या महिन्यात ती माझ्या कामाच्या टेबलाशी आली.

“सुतार लग्नाचं विचारतायत. घरातला मोठा पुरुष तूच. हो म्हण.”

“काकांना काय वाटलं असतं?” हातातला मेणाचा साचा चेपला गेला होता.

तिने तो साचा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, “ते तुम्हीच सांगा ना. अहो, संसार केलाय मी तुमच्याशी. दारात उभे राहिलात तेव्हाच ओळखलं.”

इतक्या वर्षांनी ‘अहो’ ऐकले, तेही दुसऱ्याशी लग्न करायला.

“त्या सुतारात असं काय आहे?”

“ते माझ्याबरोबर म्हातारे होतायत. तुम्हाला नाही जमलं, त्यात तुमचा दोष नाही. पण मला एकटीला कंटाळा येतो हो म्हातारं व्हायचा.”

मी हो म्हटले.

तीन. माझी हत्यारे आणि भट्टी विकून सुताराला चांगली कवळी करून द्यावी, दुसऱ्या कारागिराकडून. मी करायला बसलो तर एक दात मुद्दाम बोचरा ठेवीन. माझ्या खुर्चीत त्याने बसू नये. बसलाच, तर निदान ऐसपैस बसू नये.

चार. आजवर दर वेळी मी पुतण्याला वारस नेमले. या वेळी वारस नाही. पुढे कधी एखादा तरुण दारात येऊन नाते सांगू लागला, तर त्याला पाणी द्यावे आणि वाटेला लावावे. तोंड बघून दया येईल, येऊ देऊ नये. मी त्याला चांगला ओळखतो. सुतार मेला का, हे बघायला तो आलेला असेल.

स्थळ : दुकानामागची खोली. दिनांक : आजचा, सोमवार.

सही : पुतण्या

साक्षीदार (यांनी सही पाहिली, मजकूर वाचलेला नाही) :
१. कोपऱ्यावरचा घड्याळजी
२. शेजारचा चष्मेवाला, वय त्रेसष्ट. दिसतोही तेवढाच. नशीबवान.