लताने सांगून ठेवलं होतं

१८ जानेवारी १९९१
तलासरीहून एस.टी. उशिरा. शाळेत आज निम्मा वर्ग रिकामा. घरी आले तर लता उशीला टेकून बसलेली. म्हणाली, "ताई, यंदा आपल्याकडे हळदीकुंकू नाही, शेजारणी सुटल्या. माझं वाण कुणालाच आवडायचं नाही." हसायला गेली आणि पोटात कळ आली. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यापासून हिचे विनोद वाढलेत. मला मेलीला एकही सुचत नाही.

२३ जानेवारी
आज सांगूनच टाकलं तिने. ती गेली की आंघोळ मी घालायची. कुंकूही मीच लावायचं. हिरवी साडी नको, ती चिकूच्या रंगाची. कुंकू लावायला बायकांची रांग नको. "भाग्याची गं, सवाष्ण गेली, असं एकीलाही म्हणू देऊ नका. एकेचाळिसाव्या वर्षी असं सडून मरायचं आणि वर भाग्य?"
म्हटलं, अगं, मी विधवा. माझ्या हातचं कुंकू कोण चालवून घेईल?
"दर संक्रांतीला तुम्ही आत तिळगूळ वळलात आणि मी बाहेर मिरवत वाटला. एकदाही बाहेर या म्हटलं नाही तुम्हाला. आता निदान..." पुढे दम लागला.
भावजय ना ही माझी? नवरा गेल्यावर या घरात आले तेव्हा वाटलं होतं, कधीतरी हिच्याशी वाजणार. वाजलंच नाही. आता कुठे जाऊन भांडू?

३० जानेवारी
भावाच्या, वसंताच्या कानावर घातलं. "ताई, असलं अभद्र बोलू नकोस," म्हणून ड्यूटीवर निघून गेला. संध्याकाळी लताने त्याला जवळ बसवलं, हात धरून वदवून घेतलं. त्याने मान डोलावली. लहानपणापासून ओळखते मी ती मान. कुणापुढेही डोलते.

५ फेब्रुवारी
शेजारच्या कांताबेन मऊ चिकू घेऊन आल्या. लताने अर्धी फोड चोखली, तेवढंच. कांताबेन सांगत होत्या, गावात आता शववाहिनी आलीय, व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून घेतली. लता लगेच, "चला, म्हणजे मी गाडीतून जाणार. तुमचे वसंतभाई एरवी रिक्षासुद्धा करत नाहीत."
"एवुं ना बोलाय, लताबेन!" कांताबेन डोळे पुसत उठल्या.
मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

१४ फेब्रुवारी
लता गेली. सकाळी. चमचाभर पाणी घेतलं, दुसरा चमचा ओठावरून ओघळला.
काही लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी
काल आंघोळीला कुणीच हरकत घेतली नाही. राबायला विधवेचा हात चालतो. अंगात नुसती हाडं राहिली होती. चिकूच्या रंगाची साडी मी नेसवली. तेवढ्यात बोर्डीहून काकू आली, हिरवी साडी आणि बांगड्या घेऊन. माझ्यापुढचं कुंकवाचं तबक बघून ओरडलीच, "अगो, तू हो बाजूला! सवाष्ण आहे ती. वसंता, सांग हिला."
वसंता म्हणाला, "ताई, काकू म्हणते तसं कर."
मी त्याच्याकडे बघत राहिले. लताचा हात धरून कबूल केलं होतंस ना रे!
मग मी बोट बुडवलं आणि लावलं. घाईघाईत वाकडंच लागलं. काकू ओला पदर घेऊन पुढे, "पुसते मी ते. पुन्हा लावू."
कांताबेन किंचाळल्या, "काकी, पुसू नका! वसंतभाई उभे छे समोर!"
काकूचा हात तिथेच थांबला. सवाष्णीचं कुंकू पुसायचं म्हणजे जित्या नवऱ्याचं मरण मागायचं. कुणाची छाती होणार? माझ्यामागून लावायलाही एकजण पुढे आली नाही. रांग लागलीच नाही. भाग्याची म्हणायचंही सगळ्या विसरल्या.
लता, सगळं तुझ्या मनासारखं झालं गं. तुला सांगायला मिळायला हवं होतं.
गाडी निघाली. खांदा द्यायला नको, त्यामुळे पुरुष रिकाम्या हातांनी मागून चालले होते, हातांचं काय करावं कळत नसल्यासारखे. मी फाटकात उभी राहिले.

२७ फेब्रुवारी
काल तेरावं झालं, आज काकू बोर्डीला परत गेली. जाताना माझ्याशी नाही, भिंतीशी बोलली, "याला काही झालं तर कुणाच्या हातानं झालं ते मला माहीत आहे."
वसंताला तीन दिवस ताप आहे. हवा बदललीय, डहाणूत घरोघरी ताप आहे. मी शिकलेली बाई, मला हे कळतं. तरी सारखी त्याच्या कपाळाला हात लावून बघते. तो तोंड फिरवतो. त्या दिवसापासून माझ्याशी शब्द बोललेला नाही.
चहा ठेवला त्याच्यापुढे. म्हटलं, "उद्यापासून शाळेत जाऊ का?"
"जा," म्हणाला.
इतकी वर्षं 'जाऊन ये' म्हणायचा.
तलासरीला शाळेजवळ एक खोली रिकामी आहे. पण याला असा तापात टाकून जायचं कसं, आणि राहायचं तरी कसं? या घरात असलं काही विचारायला मला एक लताच होती.