नापास पुस्तकांवरचे शेरे

मी, कोंडीराम गणपत ढेरंगे, वय सदुसष्ट, राहणार प्राधिकरण, निगडी, चाकणच्या एका कंपनीतील तपासणी विभागातून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी तो मला न तपासता दिला, याचीही नोंद असावी.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी सौ. प्रभावती हिला. तिच्या पश्चात मुलगी मिनल, राहणार पिंपळे सौदागर, हिला. कागदपत्रे कुठे असतात हे जावयांनी दोनदा विचारले आहे. म्हणून कपाटाच्या किल्लीची जागा इथे लिहीत नाही. प्रभावतीला ठाऊक आहे.

२. माझा जाडी मोजायचा मायक्रोमीटर मिनलला. वापरण्याआधी शून्य तपासावे. मध्ये जावयांनी हात लावला असेल, तर दोनदा तपासावे.

३. बुद्धिबळाची पुस्तके. उभ्या आयुष्यात मी मधल्या प्याद्याने डाव सुरू केला नाही. पहिल्याच खेळीत पटाच्या मध्यावर येऊन उभा राहणारा माणूस मला भोळा वाटतो. कडेची प्यादी सरकवावीत, उंट बाजूने रोखून ठेवावा आणि समोरचा काय लपवतो ते बघावे. अशा सुरुवातीसाठी मी चौदा पुस्तके घेतली आणि तीन ठेवली. मुखपृष्ठावर 'हमखास विजय' लिहिलेले नापास. ज्यात लेखक एकही डाव हरत नाही, ते नापास. काळ्या मोहऱ्यांचे सर्वांत चांगले उत्तर गाळून पुढे पळणारे तर जागच्या जागी नापास. तिन्ही पास पुस्तकांत हरलेले डाव आहेत, आणि ती एकमेकांवरून उतरवलेली नाहीत. खेळ्यांची प्रत्येक ओळ पटावर मांडून पाहिली आणि शेजारी 'को. ग. ढे.' अशी सही केली. वर्तमानपत्राचे कव्हर घालून वर 'आयकर नियम' असे लिहिले, म्हणजे कोणी उघडणार नाही. नापास अकरा रद्दीत घातली.

४. साहेबराव तुकाराम घोलप, राहणार म्हाळुंगे. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत आम्ही बारा वर्षे रोज खेळलो. माझी तयारी त्यांच्याशिवाय कोणी पाहिली नव्हती. २०१६ साली कंपन्यांच्या स्पर्धेत, अंतिम फेरीत, माझ्या नवव्या खेळीला बुद्धरत्न शिरसाट या दुसऱ्या कंपनीतल्या वेल्डरने क्षणात उत्तर दिले. ती खेळी माझी स्वतःची, कोणत्याही पुस्तकात नसलेली. मी हरलो आणि सगळ्यांदेखत साहेबरावांना फितूर म्हणालो.

ते एवढेच म्हणाले, "कोंडीराम, म्या न्हाई सांगितलं. तुला खरं वाटत नसंल, तर आता बोलायचं तरी कशाला?"

त्यानंतर नऊ वर्षे आम्ही बोललो नाही.

गेल्या महिन्यात बुद्धरत्न घरी आले. हातात माझे एक नापास पुस्तक, निगडीच्या रद्दीवाल्याकडून पूर्वी कधीतरी घेतलेले. "काका, को. ग. ढे. म्हणजे तुम्हीच ना? इतकी वर्षं कळलं नव्हतं, परवा स्पर्धेच्या जुन्या यादीत पूर्ण नाव वाचलं. मी खेळायला शिकलो ते यावरूनच."

आमच्या खात्याचा नियम असा, की नापास माल परत पाठवताना कारण लिहायचे आणि बरोबर माप काय हवे तेही लिहायचे. तीस वर्षांची सवय. प्रत्येक नापास ओळीसमोर मी लिहिले होते, 'चूक. मी इथे असे खेळतो', आणि खाली तीच सही. नववी खेळीसुद्धा होती, लाल शाईत. म्हणजे फितूर मीच.

साहेबराव, माझे चुकले. हे लिहिताना लाज वाटते आहे.

तिन्ही पुस्तके साहेबरावांनाच द्यायची होती. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. मृत्युपत्र लोक लिहिणारा मेल्यावर वाचतात. साक्षीदाराला मात्र जिवंत माणसासमोर बसून सही करावी लागते, आणि साहेबराव न वाचता कशावरही सही करत नाहीत. म्हणून पुस्तके बुद्धरत्न यांना दिली आणि साहेबरावांना साक्षीला बोलावले आहे. येतील याची खात्री नाही.

ठिकाण: निगडी. रविवार, ९ नोव्हेंबर २०२५.

लिहून देणार: को. ग. ढेरंगे

साक्षीदार १: विजयश्री मोहिते, शेजारी. (वाचू नका म्हटले होते, तरी वाचले.)

साक्षीदार २: साहेबराव तुकाराम घोलप. समदं वाचलं. पुस्तकं मला तशीबी नको हुती. पट काढ, पांढरी तूच घे. नववी खेळी तेवढी बदल.