उघड्या मानेच्या कोंबड्या

बाबा,
तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. काल आईची तेरवी झाली, आता त्या पांढऱ्या कोंबड्या अंगणात पाहवत नाहीत. चांदूरच्या बाजारात विकाले नेतो. भाजी झाकून ठेवली हाये, जेवून घेजा.

आई म्हणे, उघड्या मानेच्या आण, त्या ऊन सोसतात अन् अंडेही देतात. मानेवर पिसं नाही, त्या दिसाले बेढब, म्हणून म्या जास्त अंड्याच्या नादात पांढऱ्या आणल्या. आई गेली त्या दिवशी दुपारी त्या धापा टाकाले लागल्या, तवा तिनं आपल्या खोलीतला कूलर ओढत खुराड्यापाशी नेला अन् सोता तापल्या पत्र्याखाली तशीच पडून राहिली. कोंबड्या सगळ्या वाचल्या.

कूलर परत खोलीत लावला हाये. तुमी तिथंच झोपजा.

येतानी उघड्या मानेच्या आणतो. त्याईले कूलर लागत नाही.

ललित