घट्ट चरबी

४ ऑगस्ट

ती. ताईस, बारक्याचा सा. न. वि. वि.

या खेपेची मेंढरं पोचली. मेंढरं कसली, पिंपं! ट्रकमधून उतरतानाच धापा टाकत होती. पण कापल्यावर माझा चेहरा उतरला. चरबीवर बोट दाबलं तर लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. मांस फिकट. घरी शिजवून पाहिलं, तर भांडंभर तेल सुटलं आणि चवीच्या नावानं शून्य. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई नेहमी तुझाच माल मागतात. त्यांनी विचारलं, हे कुणाचं आमच्या गळ्यात मारताय?

हे मक्याच्या भरड्याचं काम आहे, आंधळाही सांगेल. गोणीतल्या खाद्याला नावं ठेवणारी तू! कळप रोज चढावरच्या गवतावर नेणारी तू. म्हणून तर तुझ्या मेंढरांची चरबी टणक आणि चव वेगळी. मग एकाएकी काय झालं? आळशी झालीस की शहाणी?

इकडे हिला सातवा लागला. आधीची दोन गेली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलंय. खाली दुकान, वर घर. गिऱ्हाईक गेलं की मी जिना चढून बघून येतो. ही म्हणते, वन्सं इथं असत्या तर त्यांनी तुम्हाला खांबाला बांधून घातलं असतं.

दाजींना नमस्कार. रागवायचं तर रागव, पण उत्तर धाड.

तुझा बारक्या


११ ऑगस्ट

चि. बारक्यास, ताईचे अ. उ. आ.

हातात सुरा आला आणि भाऊ मला मेंढरं पाळायला शिकवू लागला! अरे, तू नीट चालायला लागलास तो माझ्याच कळपामागे, शेपट्या धरून.

गुडघ्यानं दगा दिलाय, दुसरं काही नाही. चढ चढवत नाही, म्हणून कुंपणाच्या आतच भरडा टाकते. मेंढरांची चैन आहे, बसल्या जागी पंगत. शिंपीणबाईंना सांग, ताई म्हातारी झाली, चार दिवस सांभाळून घ्या.

भावजयीला जप. जिना वाजवत चढू नकोस, तुझे पाय हत्तीचे आहेत.

माया तुझ्याकडे आहेच, ती आता तिच्यावर खर्च कर.

ताई


१८ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गुडघा मला सांगू नकोस. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा काठी टेकत तू कळप वर नेला होतास. दाजी पिठाच्या गिरणीतून रजा घेतो म्हणाले, तर त्यांना मेंढरातलं काय कळतंय म्हणून त्यांनाच ओरडलीस. ती ताई गुडघ्यापायी घरी बसेल?

मी ट्रकवाल्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, हल्ली जनावरं दाजीच रस्त्यापर्यंत आणून देतात आणि ताई मोठ्या दवाखान्यात होत्या असं कानावर आलं. हे मला परक्या माणसाकडून कळावं? फार लागलं मनाला.

मी येतोय. हिच्याजवळ हिची बहीण राहील. दुकान बंद राहिलं तर राहिलं. खरं काय ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

बारक्या


२५ ऑगस्ट

चि. बारक्यास अ. उ. आ.

रागावलास ना? पोटात गाठ आहे. औषध सुरू झालंय, डॉक्टर म्हणतात गाठ आकसेल. झालं समाधान?

पण तू येऊ नकोस. तू इकडे असताना तिकडे काही कमीजास्त झालं, तर मी भावजयीला कुठल्या तोंडानं भेटू? दोन वेळा तुमचा रिकामा पाळणा पाहिलाय मी. तिसऱ्यांदा माझ्यापायी नको. माझी शपथ आहे तुला. बाळ होऊ दे, मग तिघं या.

मी उठले की तुला कळेलच. कळप चढावर जायला लागला की महिना-दीड महिन्यात चरबी घट्ट होईल. डॉक्टरच्या कागदापेक्षा तुझा तुझ्या बोटावर जास्त भरवसा. तोवर कळ काढ.

ताई


७ ऑक्टोबर

ती. ताईस, तुझ्या वेड्या भावाचा सा. न. वि. वि.

ताई, घट्ट! चरबी घट्ट! बोट आत जाईना. दुसरं मेंढरू पाहिलं, तेही तसंच. मांसाला पहिल्यासारखा गडद रंग. मी दुकानातच रडलो. गिऱ्हाइकांना वाटलं, बोट कापलं. वर जाऊन हिला सांगितलं, ताई चढ चढायला लागली. हीसुद्धा रडली.

खोटं कशाला बोलू, तुझी शपथ मोडून मी उद्याचं तिकीट काढलं होतं. आज जाऊन परत केलं. आता घाई नाही. बाळ महिन्याच्या आत येईल, मग सवडीनं तिघं येऊ आणि तुझ्या कळपामागे मीच चालेन.

आत्याबाईंनी तब्येत अशीच राखावी, ही आज्ञा.

बारक्या


१३ ऑक्टोबर

चि. भावास आशीर्वाद.

पत्रं तीच लिहायची, मला जमत नाही. चुकलं तर सांभाळून घे. ताई परवा गेली.

औषधाचा उपयोग नव्हता, हे डॉक्टरांनी तिला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. तुला शेवटचं पत्र टाकलं त्याच दिवशी तिनं भरडा बंद केला आणि मला गिरणीतून रजा काढायला लावून कळप वर न्यायला सांगितलं. मी म्हटलं, मी दिवसभर वर गेलो तर तुझ्याजवळ कोण? ती म्हणाली, मी खाटेवरून कुठं पळून जातेय? माझा भाऊ चरबीला बोट लावणार, तेव्हा त्याला धीर वाटला पाहिजे, नाहीतर बायकोला टाकून धावत येईल. शेजारीण तिला पाणी द्यायची. मी रोज संध्याकाळी परत यायचो. तिचे शेवटचे दिवस मी मेंढरांमागे काढले, भाऊ. तिच्या शब्दाबाहेर मला जाता आलं नाही. तू मला काय बोलशील ते मी ऐकून घेईन.

तुझं पत्र परवाच आलं. त्या दिवशी मी कळप नेला नाही. खाटेशी बसून तिला वाचून दाखवलं. तू रडलास ते ऐकून ती हसली. म्हणाली, फसला वेडा. मग ‘आता घाई नाही’ ते परत वाचा म्हणाली. मी परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ती ऐकत होती की नाही, मला कळलं नाही. मी पत्र शेवटपर्यंत वाचलं.

बायकोला एवढ्यात सांगू नकोस. ताईवर होता तो लोभ आता माझ्यावर राहू दे.

तुझे दाजी